पोत्यातली शिलाई मशीन

कलबुर्गी

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवून नागराज लिहितो.

मी बरा हाय, जेवण येळेवर होतंय. इथल्या जुन्या बाजारात तुझ्यासाठी शिलाई मशीन घावली. पायडल कुरकुरतंय, पण टाका सरळ पडतो. तिथं कबुतरंबी इकतात. ते असू दे.

घोळ असा झालाय, पंचायतीला अप्पांच्या विरोधात उभ्या नरहररावांचं चिन्ह शिलाई मशीनच हाय. म्हणून पोत्यात बांधून पाठवायलोय. मतदान होईस्तोवर सोडू नको, न्हाईतर गाव म्हणंल, इरप्पाचं पोरगंच फुटलं.

तसे नरहररावबी वाईट न्हाईत, शाळेला नळ त्यांनीच आणला. मागल्या खेपेला घरी एवढं बोललो तर अप्पा भडकले. अजून रागात हायेत का?

मतदानाला येतोय. अप्पा हरले तरी मशीनवर पहिला सदरा त्यांचाच शिव. कापड मी आणतो.

तुझा एका जागी न टिकणारा,
नागराज