जखम भरेपर्यंत थांबवलेल्या औषधाबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय

विषय : माझ्या आईच्या नावापुढील ‘उपचार सोडले’ हा शेरा काढून औषध पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

१. माझी आई पाळणाघरात मुले सांभाळते. तिच्या पोटातील गाठीवर आपल्याकडे उपचार चालू होते. अशी गाठ वाढण्यासाठी जवळच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडून नवे फाटे फोडायला लावते. तो निरोप रक्तवाहिन्यांच्या पेशींवरील ग्राही, म्हणजे निरोप टिपणारे रेणू, घेतात. आईचे औषध त्या ग्राहींनाच अडवते. डॉक्टरांनी हे समजावले तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे गाठीनं कितीही हाका मारल्या तरी कुणी ओ द्यायची नाही.”

२. गाठ आक्रसली, शस्त्रक्रिया ठरली. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून डॉक्टरांनीच औषध आधी थांबवले आणि जखम भरेपर्यंत देऊ नये असे लिहून दिले. गाठीचा थोडा भाग काढता आला नाही.

३. जखम भरल्यावर आम्ही औषध मंजुरी कक्षात गेलो. तेथील साहेब म्हणाले, “पेशंटनं उपचार सोडलेत. फाइल बंद.” डॉक्टरांनीच थांबवले होते, असे मी सांगितले. “थांबवले असा रकानाच नाही. चालू, पूर्ण किंवा सोडले.” नव्याने नोंद करा म्हटले, तर नाव आधीच आहे. जुनी फाइल उघडा म्हटले, तर “जखम भरली नसल्याचा दाखला आणा, म्हणजे औषध न घेण्याचं कारण पटेल.” जखम भरली नसेल तर औषध देता येत नाही, भरली असेल तर हा दाखला मिळत नाही. मग आईचे पोट पुन्हा फाडून आणावे काय? भाषेबद्दल क्षमस्व, परंतु वाक्य खोडत नाही.

४. जखमेसाठी वाढलेल्या रक्तवाहिन्या उरलेल्या गाठीसाठीही वाढतील. त्यांना कोणत्याही कक्षाची मंजुरी लागत नाही.

५. आईला हा शेरा ठाऊक नाही. औषधाचा साठा आला नाही, असे मी तिला सांगितले आहे. तिने आजवर एकही सुई चुकवलेली नाही. आज ती सोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे. तिला आत बोलावल्यास तो शेरा तिच्यासमोर मोठ्याने वाचू नये. ही विनंती मंजुरीच्याही आधीची समजावी.

आपल्या दाराशी उभी,
आपली नम्र,
(सही)
रुग्णाची थोरली मुलगी
दि. १४ मार्च

सोबत : औषध थांबवण्याची डॉक्टरांची चिठ्ठी, जखम भरल्याचा दाखला.