भाकरीत साखर कोनं टाकली?

आत्याबाई,

तुमच्या पायावर डोकं ठेवून सांगते, भाकरीत मी साखर टाकली नव्हती. तवाबी नाही, अन् कवाच नाही.

तुमाले जाऊन इतके दिवस झाले, अन् आता काऊन लिहून राह्यली? तर माही दाढ काढली. पातळ खिचडीवर दिवस काढले. परवा पहिल्यांदा ज्वारीची भाकर घेतली, कोरडीच, अन् एका बाजूनं चावत बसली. चावता चावता तोंडात गोड लागलं! माहा संशय कोनावर गेला असन? ऋतुजावर, तुमच्या लाडक्या नातीवर! पीठ तिनंच मळलं होतं.

"काय टाकलं वं पिठात?" म्हनून मी ओरडली. अन् माहा आवाज माह्याच कानाले तुमच्यासारखा लागला.

आठवते नं? तुमाले शुगर निघाली, डॉक्टरनं सांगतलं, घास पानी होईस्तोवर चावा. जन्मात तुमी पहिल्यांदा डॉक्टरचं ऐकलं! अन् दोन-चार दिवसांत ताट सरकवून देल्लं. "साखर टाकते माह्या भाकरीत! मले माराले पाह्यते!"

तुमचा लेक, माहा नवरा, दारातच उभा होता. सैपाकघरात गेला, पिठाच्या डब्यात बोट घातलं अन् चाखून पाह्यलं. आत्याबाई, तुमच्या बोलन्यापेक्षा ते बोट मले जास्त लागलं.

मंग तुमी डब्याले कुलूप लावलं. चाबी कमरेले. तरी भाकर गोडच! तवा तुमी म्हनलं, "पान्यातून टाकत असन." आता सांगा, तुमच्यापुढं मानसानं काय करावं?

ऋतुजा माह्यावर हासली. बारावीले सायन्स हाय नं तिले. म्हने, "आई, पिठात काही नाही, तुह्या थुकीत हाय." थुकीत एन्झाइम असते म्हने. ज्वारीतला स्टार्च म्हनजे साखरेच्या मन्यांची लांब माळ. एन्झाइम ते मनी सोडवते. भराभर गिळलं तर समजत नाही, चावत राह्यलं की गोड लागते. राह्यलेलं काम आतड्यात होते. तठी तेलातुपाचं एन्झाइम येगळं, दाळीतल्या प्रोटीनचं येगळं. एकाच्या कामात दुसरं हात घालत नाही. "हे नसते तर भाकर पोटात जाऊन भाकरच राह्यली असती, अंगाले लागलीच नसती," म्हने.

मले पटलं का? छे! मी तुमचीच सून. शेजारून भाकर मागून आनली अन् दाराआड उभी राहून चावली. तेबी गोड!

तठीच माह्या डोक्यात वडनेर आलं.

तुमी रुसून वडनेर भोलजीले, वंदनाबाईकडे, आपल्या लेकीकडे गेल्त्या. "आता म्हैनाभर लेकीच्या हातचं खाईन," म्हनून. अन् आठवडाबी झाला नाही, तं परत! पाटावर बसल्या, कमरेची चाबी काढून माह्यापुढं ठेवली. "वाढ," म्हनलं. बस, इतकंच. त्यानंतर साखरेचं नाव नाही.

मले वाटलं, तुमी मले माफ केलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी! त्याचा किती राग होता माह्या मनात! शेवटी तुमाले चमच्यानं पानी पाजत होती, तवाबी वाटे, ह्या डोळ्यांत मी चोरच हावो.

पन वडनेरलेबी भाकर गोडच लागली असन नं? मंग काय समजलं तुमाले? आपल्याच तोंडाची करामत हाय, हे समजलं, का पोटच्या लेकीवरबी संशय आला, अन् तो गिळून तुमी घरी आल्या? खरं सांगा! "लेकीचीबी गोडच लागली वं," येवढं एक बोलल्या असत्या, तं माहं काळीज हलकं झालं असतं. लेकीले वाचवलं अन् सुनेले तसंच ठेवलं. व्हय नं?

तुमच्या तेरवीले बायांच्या घोळक्यात वंदनाबाई बोलल्याच, "माय म्हने, भावजय साखर चारे." मी पंगतीत वाढत होती. हातातलं वरनाचं भांडं तसंच घेऊन पुढं गेली. तवापासून गावातलं कोनी माह्या घरी जेवाले बसलं, की मले त्यायच्या पह्यल्या घासाकडे पाह्यल्याशिवाय राहवत नाही.

आता अखजीले, अक्षय्य तृतीयेले, वंदनाबाई येऊन राह्यल्या. तुमच्या नावाची घागर भरू. पुरनपोळीच्या आधी मी त्यांच्या पानात कोरी भाकर वाढीन, अन् म्हनीन, चावा. गोड होईस्तोवर चावा.

मंग त्या इचारतीनच, "मंग माय माह्याकडून काऊन निघून गेल्ती?" त्यांचं तोंड उतरन, मले माहीत हाय. माह्यावर जे बेतलं, ते त्यांच्यावर बेतन. तर आत्याबाई, वचन देते. मी सांगीन, मायले ऋतुजाची लय आठवन येत होती म्हनून. तुमी झाकलं ते मीबी झाकीन.

पन भाकर चावालेच लावीन. ते नाही सोडत!

तुमची सून,
साखर न टाकनारी,
शोभा