या जेवायला

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अखेर दर्यावर्दी झालो! म्हणजे मढच्या बाजूला, खाडीच्या गुडघाभर पाण्यात बांधलेल्या एका होडीवर राहायला आलो. 'मंथरा' सपाट बुडाची, लांबट, निळी आहे. तिच्यावर एकच खोली. खोलीत पलंग, शेगडी, दोन खुर्च्या आणि ताठ मानेनं उभं राहायला सक्त मनाई.

माझा मित्र श्यामकांत एका उन्हाळ्यात फ्रान्सच्या कालव्यांमधून होडीनं हिंडला होता, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. परतला तो खुळावूनच. इथल्या कोळ्यांकडून त्यानं अगदी तशी होडी बांधून घेतली. मंथर म्हणजे सावकाश, हे तो दिसेल त्याला समजावायचा. लोकांना कैकेयीची दासीच आठवायची. गेल्या पावसाळ्यात तो गेला. आजार शेवटपर्यंत कळला नाही.

आमच्या संपादकांना 'संथ प्रवास' या विषयावर लेखमाला हवी होती, तीही फ्रान्सच्या कालव्यांवरूनच. खर्चाचा अंदाज पाहिल्यावर मनोरीच्या खाडीतही त्यांना तेवढंच काव्य दिसू लागलं. मी श्यामकांतच्या बायकोकडे, गंधालीवहिनींकडे हट्टच धरला. त्यांनी बोरिवलीहून किल्ली पाठवली आणि फोनवर एवढंच बजावलं, की भाऊजी, जेवण आत बसून, दार लावून करायचं. डास फार असणार.

गुरुवार, १४

काल-आज मिळून खाडीत इतकं कमी अंतर कापलं की कालिदासाच्या मेघालाही पेंग आली असती. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, बगळे, मधूनच प्लास्टिकची बादली. मढच्या एका बंगल्यात शूटिंग चालू होतं, सकाळपासून एकच नवरी तीनदा सासरी गेली. ओहोटी लागली की मंथरा गाळात बूड टेकून बसते. भरतीशिवाय तिला ब्रह्मदेवही हलवू शकत नाही.

डास काही दिसले नाहीत, तेव्हा ताट बाहेर घेऊन बसलो. वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या, लिंबाचं लोणचं. मनोरीच्या फेरीबोटीवरचा जयवंत बाजूनं चालला होता. सवयीनं हाक मारली, या जेवायला! तो ओरडला, जेवा काका, आत्ताच दोन वडापाव हाणलेत, आणि तुमच्यापेक्षा आमची म्हातारी जोरात पोहते.

श्यामकांत सांगायचा, तिकडेही होडीवर कोणी जेवताना दिसलं की काठावरून जाणारे गोड शब्दांत सुखानं जेवा म्हणतात आणि पुढे जातात. आपल्याकडे जेवणाराच बोलावतो. बोलावलेला पोटात कावळे ओरडत असले तरी नको म्हणतो. दोन्ही बाजूंनी खोटं बोलायचं आणि दोघांनाही बरं वाटायचं, इतकी सुंदर रीत दुसरी नाही. बायको, शुभा, गेल्यापासून मुलुंडच्या घरात मी टीव्हीसमोर ताट घेऊन बसतो. बातम्या देणारीला काय या जेवायला म्हणणार?

शुक्रवार, १५

आज दुपारी समोरच्या तिवरांत एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. ओहोटी असूनही त्यावर गाळाचा ठिपका नव्हता. नजर माझ्या ताटावर होती. मी म्हटलं, या जेवायला.

जरा मनापासूनच म्हटलं, कबूल करतो.

ते नको म्हणाले नाहीत. खाली वाकून खाडीच्या पाण्यात त्यांनी हात धुतले. ताटावर बसायच्या आधी आपण धुतो तसे, कोपरापर्यंत, नीट. मी दुसरं ताट आणायला आत गेलो. बाहेर आलो तो काठ रिकामा. भात परत तोंडात घातला, तर चव गेली होती.

सोमवार, १८

ताटात अन्न दिसतं, पोटात जातं, पण लागत नाही. भिजवलेला भुसा खावा तसं. लोणचंही तसंच. घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे जातंय.

जयवंत आज बोट हळू करून ओरडला, काका, पाहुणे आलेत वाटतं, ओळख तरी करून द्या! मी वळून पाहिलं. रिकामी खुर्ची. तिची गादी मात्र दबलेली.

बुधवार, २०

होडी धक्क्याला बांधून उतरलो. मार्व्याच्या हॉटेलात मिसळ मागवली. पोऱ्यानं पाण्याचे दोन ग्लास ठेवले आणि माझ्या शेजारी बघून विचारलं, साहेबांना काय आणू?

मिसळीलाही चव नव्हती. म्हणजे होडी सोडूनही उपयोग नाही. मुलुंडच्या घरी याला घेऊन जाण्यापेक्षा परत मंथरेवर आलो.

वहिनींना फोन केला. काय झालं ते ऐकवलं. मग म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात? लेखात चार ओळी विनोद केला असतात. खरं आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. बोलावल्यावर जो नको म्हणत नाही तो उठतच नाही. दुसऱ्या कोणी त्याला जेवायला बोलावलं तरच आपल्या पानावरून उठतो आणि त्याच्या पानावर जाऊन बसतो. ह्यांना माहीत होतं, म्हणाल्या. म्हणून शेवटी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. मलासुद्धा. भरल्या ताटापुढे उपाशी गेले हो.

तिथी ठरवून येत नाही तो अतिथी, असं आम्ही पाठ केलं होतं. जाण्याची तिथी कोणी शिकवली नाही.

गुरुवार की शुक्र—

विडा दिला. दक्षिणा ठेवली. हात जोडून म्हटलं, आता या. विडा सुकला. खुर्ची दबलेलीच.

अबोलीचा फोन. बाबा, आवाज असा काय? रविवारी येते, डबा घेऊन येते, शिळंपाकं खाताय ना? येऊ नकोस म्हणालो. रागावलो. लेकीवर कधी आवाज चढवला नव्हता— ती रडली. मग फोनची बॅटरी—

चालेल. रागावलेलीच राहू दे.

शनिवार असावा

उठवत नाही. समोरच्या ताटातून वाफ येते. त्याचा चावण्याचा आवाज आता ऐकू येतो. सावकाश, घास घोळवून. माझ्याबरोबर दोन वर्षांत कोणी जेवलं नव्हतं. आणि लाज वाटते लिहायला, पण पहिल्यांदा त्या आवाजानं—

नाही. बरं नाही वाटलं. नाही.

उद्या पहाटेच्या भरतीला निघायचं. लांब, आत. ती आली तरी होडी दिसायला नको.

उजाडलं आहे

डोळा लागला. भरती येऊन गेली. मंथरा गाळात.

दोर सोडला. काठी रोवून ढकलली. बोटभर हलली नाही. हातात जोरच—

धक्क्यावर पिवळी ओढणी. अबोली. हातात पिशवी. हात हलवते आहे. मी ओरडलो, परत जा. आवाज फुटत नाही. ती हसते आहे, म्हणते, किती बारीक झालात बाबा.

फळीवरून येते आहे—

मीच शिकवलं तिला. लहानपणी, हात धरून. समोर कोणी असेल तर एकटं खायचं नाही. आधी विचारायचं. खोटं का होईना, विचारायचं—

फळी डगमगली, तशी मागे फिरून धक्क्याच्या टोकाशीच बसली. डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी. वास आला. पहिल्यांदाच वास आला. म्हणजे त्याचं लक्ष माझ्या ताटावरून—

मागे खुर्ची सरकली.

ती माझ्या खांद्यावरून मागे बघते आहे. ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली. डबा पुढे केला.

अबोली, नको. तोंड उघडू नको, बाळा, असभ्य हो, एकदाच अस—

पाण्यात हात धुतल्याचा आवाज.

ती म्हणते आहे, या—