यंदाचं तिकीट

अहो,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा आणि मग बाकीचं.

कारखान्याचं भांडण मिटलं. तीन वर्षं कुणालाही कामावरून काढणार नाही, असं मालकांनी युनियनला लेखी दिलं. बदल्यात आम्ही पगारवाढ सोडली, आणि घरी जायला मिळणारं वर्षाचं तिकीटही. म्हणजे यंदा माझं येणं होत नाही.

खरं सांगते, काढायच्या यादीत माझं नाव नव्हतं. शेजारच्या मशीनवरच्या मावशींचं होतं. या तडजोडीवर युनियनचं मतदान झालं, त्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, "तुझी लेक लहान आहे. तू हात वर केला नाहीस तरी मी राग धरणार नाही." मग माझा हात काही खाली राहीना. तेव्हापासून मी डबा संपवला का, यावर त्यांची रोज करडी नजर असते.

चिमणीच्या वेण्या आता तुम्हाला जमतात, की अजून वहिनींकडेच पाठवता? मी येत नाही हे तिला तुम्हीच सांगा, पण पोटभर जेवल्यावर सांगा.

रागावला असाल तर तसं लिहा. दोन पानं भरून रागवा, पण लिहा. तुमचं अक्षर तरी दिसेल.

वाट बघणारी,
तुमचीच