स्कूटर विकली, पार्किंग राहिलं

१ नोव्हेंबर २००६, बुधवार. सकाळी ७.१०
जानेवारीत कंपनीने दिलेली डायरी आजपासून वापरात. लीगल मॅटरमध्ये माणसाकडे लेखी नोंद हवी.

मॅटर असा. २००२-०३ साली चौदा महिने माझी स्कूटर स्टेशनबाहेरच्या खासगी पार्किंगमध्ये उभी असायची. महिना दीडशे. पार्किंगवाल्याने वर पत्रे घालतो म्हणून सांगितलं होतं, घातले नाहीत. कावळ्यांनी सीटची वाट लावली. मी प्रिन्सिपल म्हणून पैसे थांबवले. चौदाच्या चौदा महिन्यांचे. अर्धवट प्रिन्सिपल मला जमत नाही. पुढे स्कूटर विकली, त्या प्लॉटवर शॉपिंग सेंटर उभं राहिलं, पण पार्किंगवाल्याने सगळी जुनी थकबाकी एका वसुली एजन्सीच्या गळ्यात घातली. एकवीसशेचे आता दंडासकट चौतीसशे साठ झालेत.

काल त्यांची ‘फायनल नोटीस’ आली. तिसरी. फायनल तीनदा येते याचा अर्थ समोरची पार्टी घाबरलीय.

मंदा म्हणाली, देऊन टाका एकदाचे. बायकोला तत्त्व समजावण्यात माझी सव्वीस वर्षं गेली.

३ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.३०
ऑफिसात एजन्सीच्या मॅडमचा फोन. वीस तारखेच्या आत भरलेत तर निम्म्यावर सेटलमेंट करू म्हणाली. मी तिला लागोपाठ तीन कायदेशीर प्रश्न विचारले. तिने होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं सनई ऐकली. मग मीच फोन ठेवला. पहिला राऊंड आपला.

जाता जाता म्हणाली होती की आता आमचा माणूसच घरी येईल. मी म्हटलं, खुशाल या.

५ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८ वा.
म्हणायला नको होतं.

आज संपदाच्या स्थळाचं पक्कं झालं. म्हणजे बघण्याचं पक्कं झालं. मुलगा नीरज, तिच्याच ऑफिसातला. विरारची माणसं. मुलाच्या आईचा फोन आला की सव्वीस तारखेला रीतसर कार्यक्रम करू, त्याआधी आमच्यातलं कुणीतरी वडीलधारं सहज डोकावून जाईल. ‘सहज’ म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. धाकट्या बहिणीच्या वेळी मी पण असाच सहज दादरला गेलो होतो आणि वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना मुलाबद्दल विचारून आलो होतो.

संपदा पंचविशीची झाली. आधीची दोन स्थळं मोडली. त्यातलं एक मुलाच्या वडिलांशी माझा तत्त्वाचा वाद झाल्यामुळे, असं मंदा म्हणते. हे स्थळ हातचं जाता कामा नये.

संकल्प: सव्वीसपर्यंत वसुलीवाला आणि मुलाकडचा माणूस यांची गाठ पडू द्यायची नाही. वसुलीवाल्याला जिन्यातूनच वाटेला लावायचं, मुलाकडच्याला मानाने घरात घ्यायचं. चेहरा बघून माणूस ओळखण्यात आपला हात कोण धरणार?

८ नोव्हेंबर, बुधवार
समोरच्या हंसाबेनना सांगून ठेवलं की बॅग घेतलेला कुणी गुंडासारखा माणूस आला तर मी घरी नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, पण सुभाषभाई, तुमचा टीव्ही तर आमच्या घरात ऐकू येते.

बाई भोळी आहे.

११ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.१५
सेकंड सॅटर्डेची सुट्टी. संपदा ऑफिसला, मंदा बाजारात. साडेदहाला बेल. दारात साठीचे एक गृहस्थ. पांढराशुभ्र शर्ट, हातात छत्री, काखेत रेक्झिनची पिशवी. चप्पल बाहेर काढली आणि वळून सरळ ठेवली. बोलणं एकदम मऊ. खोपकर इथंच का, जरा चौकशी करायची होती, म्हणाले.

मी एका नजरेत ओळखलं. मुलाकडचे!

बसवलं. पंखा फास्ट केला. पोहे मीच केले. बहुधा मीठ दोनदा पडलं, पण त्यांनी प्लेट स्वच्छ केली. खानदानी माणूस. बोलण्यात विरारपेक्षा उत्तनच्या किनाऱ्याकडचा हेल होता. असतात, नातेवाईक चहूकडे असतात. नाव विचारलं नाही, बरं दिसत नाही. मधूनमधून ते काहीतरी काढत होते, एक जुना विषय हाय म्हणत होते, पण मी त्यांना संकोच वाटू दिला नाही. म्हटलं, काका, तुम्ही विचारू नका, मीच सगळं सांगतो. फ्लॅटवर एक पैसा कर्ज नाही. दोन लाख चाळीस हजारांची एफडी. संगमेश्वरला सोळा गुंठे, आंब्याची नऊ झाडं. आणि पैसा काय, मनात आलं तर आत्ता काढून देईन, म्हटलं.

त्यांनी सगळं वहीत टिपून घेतलं. निघताना माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं. भारावून गेले होते.

१२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११ वा.
दुसरा पण आला! काय टायमिंग आहे.

गिरणीतून दळण घेऊन येत होतो. खांद्यावर डबा, अंगात बनियन आणि लेंगा, डोक्या-तोंडावर पीठ. जिन्याखाली नावांच्या पाटीसमोर एक धिप्पाड माणूस. सफारी सूट, काळी चामड्याची बॅग, मान म्हशीसारखी. पाटीवर बोट ठेवून वाचत होता. मला विचारलं, खोपकर कुठल्या मजल्यावर?

हा वसुलीवाला नाही तर कोण!

मी हिंदीत शिरलो. म्हटलं, खोपकर तो गया, नालासोपारा शिफ्ट हो गया. का गेले म्हणून विचारलं. म्हटलं, बहुत लोगों का पैसा डुबाया, एक नंबर का चालू आदमी. आणि फॅमिली? लेडीज माणसांना त्रास नको म्हणून सांगितलं की बीवी और लडकी इधरच है, वो लोग एकदम सोना है, उनको कुछ मत पूछो. माणसाने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग थँक्यू म्हणून गेला. थँक्यू म्हणणारा वसुलीवाला प्रथमच पाहिला.

एका वीकेंडमध्ये दोन्ही कामं फत्ते. मंदाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला नक्की खात्री आहे ना? हा काय प्रश्न झाला?

१६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.४५
एजन्सीचं रजिस्टर्ड पत्र. जसंच्या तसं उतरवतो: ‘आमचे प्रतिनिधी श्री. निकोलस यांनी दि. ११ रोजी दिलेल्या भेटीत आपली आर्थिक परिस्थिती आपल्याच तोंडून समजली. फ्लॅट कर्जमुक्त, एफडी रु. २,४०,०००, शेतजमीन सोळा गुंठे, आंब्याची झाडे नऊ. सबब निम्म्या रकमेची सवलत रद्द करण्यात येत आहे. पोह्यांबद्दल आभार.’

झाडं खरं तर पाचच आहेत.

संध्याकाळी ७.०५
एक मिनिट. पोहे खाऊन गेला तो जर निकोलस, तर मग सफारीवाला कोण?

संध्याकाळी ८.३०
संपदा आली. चप्पल न काढताच विचारलं, बाबा, तुम्ही नालासोपाऱ्याला कधी शिफ्ट झालात?

सफारीवाले म्हणजे नीरजचे मोठे काका. एक्साइजमधून रिटायर्ड. नाव हरिश्चंद्र. काय नाव आहे! आणि मी त्यांनाच पाठवलं नालासोपाऱ्याला. काकांनी घरी सांगितलंय की मुलीची आणि आईची लोक तारीफ करतात, पण बाप पैसे बुडवून पळालाय. आता नीरजची आई विचारतेय की सव्वीसला यायचं की नाही.

संपदा जेवली नाही. मंदा माझ्याशी बोलत नाहीये. भांडी मात्र जोरजोरात बोलतायत.

१८ नोव्हेंबर, शनिवार
उपाय सापडला. डोकं शांत ठेवलं की सगळं सुचतं. जिन्यात काकांना जो भेटला तो मी नव्हेच. तो तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, डोक्याने जरा सरकलेला, येईल त्याला काहीबाही सांगतो. नीरजच्या आईला फोन करून तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, अगंबाई! बरं, येतो मग सव्वीसला.

एवढंच बघायचं की सव्वीसला काकांनी मला ओळखता कामा नये. त्या दिवशी पीठ होतं तोंडावर, म्हणजे अर्धं काम आधीच झालंय.

संपदाला प्लॅन सांगितला. तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मुलांना टेन्शन लवकर येतं.

२५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५ वा.
मिशी काढली. बावीस वर्षांची होती. न्हावी दोनदा विचारत होता, साहेब, पक्का ना? घरी आलो तर मंदाने दार उघडून विचारलं, कोण पाहिजे? तिने मुद्दाम विचारलं असेल तरी हरकत नाही. टेस्ट पास.

भांग उजवीकडून पाडणार. जुना चष्मा लावणार. त्याने लांबचं दिसत नाही, पण काका जवळच बसतील.

२६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.३०
शंभर टक्के यश!

पाचला आले. नीरज, आई, काका. काकांनी दारातच माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि नमस्कार केला. बस्स. चेहऱ्यावर काही नाही.

चहा झाल्यावर मीच विषय काढला, त्या भाडेकरूबद्दल माफी मागितली. काकांना फार काळजी वाटली. विचारलं, त्रास देतो का हो फार? मी म्हटलं, काय सांगू, बनियनवर जिन्यात उभा असतो. काकांनी विचारलं, घरी कोण आहे त्याच्या? मी म्हटलं, बायको कंटाळून माहेरी गेली. मंदाला तेवढ्यात ठसका लागला, ती आत गेली. काका म्हणाले, ठाण्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, हवं तर घेऊन जाऊ त्याला. मी म्हटलं, जाईल की नाही शंकाच आहे, फार हट्टी आहे. काका म्हणाले, ते दिसतंच.

नीरज सगळा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होता. लाजाळू मुलगा. संपदाने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

जाताना काकांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. होकार आलाच म्हणून समजा.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
फोन नाही. मंगळवारी लोक शुभ कामाचे फोन टाळत असतील.

२९ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ८.४५
फोन नाही.

मी गॅलरीत होतो. संपदा येऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, बाबा, स्कूटरच्या पार्किंगसाठी तुम्ही स्वतःला आधी चोर केलंत, मग वेडं केलंत. आईला माहेरी पाठवलंत. मला नीरज आवडतो. दोन वर्षांपासून. इतक्या आयडिया काढल्यात, पण मला काय वाटतं ते एकदा तरी विचारलंत का?

मी म्हणणार होतो की कावळ्यांनी सीट खराब केली होती. नाही म्हटलं.

फार वाईट वाटतंय. आपली पोर आपल्याला घाबरून नाही, आपली लाज वाटते म्हणून गप्प बसते, हे बापाला कळायला इतके दिवस लागावेत? गाढव आहे मी.

२ डिसेंबर, शनिवार. दुपारी २ वा.
सकाळी रजा टाकून भाईंदर वेस्टला एजन्सीच्या ऑफिसात गेलो. शनिवारी बंद. वॉचमनकडून निकोलसचा पत्ता घेतला आणि बसने उत्तनला गेलो. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी आयडिया सुचली असती, ही भीती.

निकोलस अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मिशी नसल्यामुळे त्याने आधी ओळखलंच नाही. म्हणजे वेष चांगला होता. पूर्ण चौतीसशे साठ मोजून दिले. बसचं भाडं वजा करा म्हणून सांगणार होतो, ते गिळलं. त्याने पावती फाडली. मग म्हणाला की मी त्या दिवशी तीनदा सांगाया बघितलं, पण तुमी बोलूच देत न्हाय. त्याची बायको मॅबेल चहा घेऊन आली. म्हणाली, हेच का ते खारट पोह्यांवाले?

मी एवढ्या घाईने घरापर्यंत का आलो ते त्याने विचारलं. संपदाचं सगळं सांगितलं. खरं खरं. मध्ये एकदा डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. निकोलस म्हणाला, आमच्या धंद्यात पैसे देनारा मानूस रडत न्हाय, न देनारा रडतो. तुमचा सगळाच उलटा हाय.

घरी येऊन पावती संपदाच्या हातात दिली. तिने वाचली, घडी केली, पर्समध्ये ठेवली.

३ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.४०
नीरजच्या आईचा फोन. मंदाने घेतला. होकार!

संपदा दाराला धरून उभी होती. मंदाने फोनवर विचारलं की काकांचं आमच्या ह्यांच्याबद्दल काय मत पडलं. बराच वेळ ऐकत होती. मग तोंडाला पदर लावून गदागदा हसायला लागली. मला सांगेचना. शेवटी संपदाने आईकडून वदवून घेऊन मला सांगितलं.

काकांनी मला दारातच ओळखलं होतं. एक्साइजमध्ये तीस वर्षं खोटं बोलणारी माणसंच बघितली म्हणे. घरात आठवडाभर चर्चा चालली होती, नको म्हणणारे पण होते. शेवटी काकांनीच निकाल दिला. म्हणाले, मुलीच्या बापाला खोटं बोलायची भारी हौस आहे, पण त्याला ते अजिबात जमत नाही. असा व्याही बिनधोक. उद्या काही लपवलंन् तर त्याच्या आधी आपल्याला कळेल. मुलगी हिऱ्यासारखी आहे, डोळे मिटून हो म्हणा.

दुपारी १२.३०
अपमान तो अपमानच. प्रिन्सिपल म्हणून काकांना निषेधाचं पत्र लिहायला बसलो. ‘स. न. वि. वि. मला खोटं बोलता येत नाही, हा आपण माझ्यावर केलेला आरोप’ इथपर्यंत आलो. अर्धा तास झाला, पुढे काय लिहायचं ते सुचत नाहीये.