सासूबाईंना एग्मोरहून आणणे

१४ सप्टेंबर २००५
आज गाडी आली. निळी, चार दारांची, आमच्या बँकेतून रिटायर झालेल्या राघोत्तम रावांची. किल्ली देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुनीती म्हणते, आनंदाचं असेल. बायकोला माणसांची पारख नाही.

संकल्प: दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला पहाटे, सासूबाई मदुराई-रामेश्वर करून एग्मोर स्टेशनवर उतरतील. त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी आणायचं. तोवर त्यांना कुणी काही कळवायचं नाही. सरप्राइज.

१७ सप्टेंबर
सुरू झाली नाही. नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो. इथे तिरुवल्लिकेणीत बदली होऊन आलो तेव्हा माझंही पोट दोन महिने बिघडलेलं होतं.

१९ सप्टेंबर
संध्याकाळी सहा ते आठ गाडीत बसून टेपवर नाट्यगीतं ऐकली. आतला दिवा आणि पंखाही चालू ठेवला. गाडीला सहवास हवा असतो. रोज बसणार.

२२ सप्टेंबर
सुरू झाली नाही. घरमालकीण त्रिपुरसुंदरीबाई आल्या होत्या. त्या तंजावरच्या मराठी. गाडी नेमकी त्यांच्या रांगोळीच्या जागेवर उभी आहे, त्यामुळे त्या अर्धं कोलम बंपरपर्यंत काढतात आणि उरलेलं पलीकडून पुरं करतात. त्यांनी विचारलं की गाडी चालवायला आणलीत की ठेवायला. त्यांची मराठी तीनशे वर्षं जुनी असल्यामुळे प्रश्नाचा रोख कळला नाही.

२५ सप्टेंबर
नाक्यावरच्या चंद्रमौळी मेकॅनिकला बोलावलं. मला तमिळ उत्तम समजतं, समोरचा बोलत नसेल तर. म्हणून लेकीला, ऊर्मीला, सोबत घेतलं. चंद्रमौळी पाच मिनिटं बोलला, मध्येच एकदा कपाळाला हात लावला. ऊर्मीने भाषांतर केलं: गाडीत गाणी ऐकू नका, बॅटरी उतरते. एवढंच? म्हटलं. ती म्हणाली, बाकीचं वडिलांना सांगण्यासारखं नाही.

या माणसाला गाण्याचा कान नाही.

२६ सप्टेंबर
गाणी पूर्ण बंद. आज कॅसेटची एकच बाजू ऐकली.

३ ऑक्टोबर
सकाळी चार शेजाऱ्यांनी धक्का दिला. स्टिअरिंगवर मी. देवळाच्या तळ्यापर्यंत गेलो. वेग समाधानकारक. येताना शेजारी दोनच उरले. धक्का देताना गिअर टाकायचा असतो, असं चंद्रमौळीने नंतर ऊर्मीकरवी सांगितलं. न्यूट्रलमध्ये गाडी जास्त हलकी ढकलली जाते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

सुनीती भडकली. दसऱ्याला आई या गाडीतून घरी आली नाही, तर त्याच दिवशी गाडी विकायची, म्हणाली. मी ताबडतोब कबूल केलं. हरायची एवढी हौस असेल तर आपण कशाला मोडता घाला?

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. गाडी गेली तर मला फार वाईट वाटेल. आमच्या घराण्यात स्वतःचं वाहन असलेला मी पहिलाच.

९ ऑक्टोबर
नवी बॅटरी आणली. जुनी बदल्यात दुकानदाराला दिली. चंद्रमौळी लगेच बसवायला निघाला होता, मी थांबवलं. तीन दिवसांवर सण आणि नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची? आपल्याकडे दसऱ्याला पूजा, यांच्याकडे आदल्या दिवशी आयुधपूजा. फरक एका दिवसाचा. परवा पूजा, तेरवा पहाटे बॅटरी, सहाला एग्मोर. याला म्हणतात प्लॅनिंग.

११ ऑक्टोबर
त्रिपुरसुंदरीबाईंच्या हॉलमध्ये साऱ्या बिऱ्हाडांची मिळून पूजा. शिलाई मशीन, इस्त्री, ऊर्मीची पुस्तकं, चंद्रमौळीचे सगळे पाने, माझे पाने-पक्कड. मधोमध माझी बॅटरी, गंध लावलेली, झेंडूची माळ घातलेली. गाडीच्या चाकांपुढे चार लिंबं ठेवली. गाडीने ती चिरडत पुढे जायचं, अशी इथली रीत. मन प्रसन्न.

संध्याकाळी ७
बॅटरी आणायला गेलो. त्रिपुरसुंदरीबाईंनी दारातच हात आडवा धरला. पूजेत बसलेली आयुधं दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा झाल्याशिवाय हलवत नाहीत. उद्याचा मुहूर्त साडेदहाचा. ट्रेन सहाची आहे, म्हटलं. आमच्या साताऱ्यात आरती झाली की लगेच वस्तू वापरतात, हेही समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हॉलला कुलूप लावलं.

ऊर्मीला घेऊन चंद्रमौळीकडे धावलो. तो म्हणाला, पाने आत आहेत, आणि बाहेर असते तरी आज हात लावला नसता.

हरकत नाही. ट्रेन साडेचार तास लेट होऊ शकते. रेल्वेवर माझा विश्वास आहे.

१२ ऑक्टोबर, सकाळी ५:५०
ट्रेन दहा मिनिटं लवकर. रेल्वेची ही काय नवीन थेरं?

६:४०
सासूबाई ऑटोने घरी. दारातली निळी गाडी बघून कुणाची म्हणून विचारलं. सुनीती म्हणाली, आहे एकाची.

११:१५
पुनर्पूजा झाली. चंद्रमौळीने बॅटरी बसवली. पहिल्या किल्लीला सुरू. चारही लिंबं फुटली. इंजिनात काडीचा दोष नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

चंद्रमौळी तसाच पुढे निघून गेला. गाडी त्यानेच घेतली. सुनीतीने त्याच्याशी तीन तारखेलाच बोलून ठेवलं होतं. विजयादशमी खरेदीला चांगली म्हणे. मी जिन्यात बसून राहिलो. जेवलो नाही. श्रीखंड तेवढं घेतलं.

संध्याकाळी ७:३०
सासूबाईंना मरीनावर नेलं, बसने. परतीच्या स्टॉपवर चंद्रमौळी दिसला, बायकोला गाडीतून फिरवत होता. भला माणूस, थांबला. मागच्या सीटवर सासूबाई, सुनीती आणि ऊर्मी बसल्या. मला जागा उरली नाही. चालत आलो.

तसं पाहिलं तर संकल्प पुरा झाला. सासूबाई माझ्या गाडीतून घरी आल्या, दसऱ्यालाच आल्या. फक्त एग्मोर आणि मी, एवढंच राहिलं.

घरात शिरलो तर त्या फार खुशीत होत्या. सुनीतीला सांगत होत्या, काय गुणाची गाडी आहे गं, जरा म्हणून कुरकुर नाही. त्या मेकॅनिकला जमतं, मग जावईबापूंना इतकी वर्षं बँकेत काढून अशी एखादी घ्यायची बुद्धी कशी झाली नाही?