मळ्यातील स्थिर ठाणे

अनसिंग, सोमवार, ४ मार्च १९५७

चारशे चौकोन पुन्हा मांडले. नववी फेरी! प्रत्येक चौकोनात जमिनीखालच्या पाण्याची पातळी लिहायची, शेजारच्या चौकोनांतून किती येईल, किती जाईल ते काढायचे, मग पुढचा दिवस. कूपनलिकेतून पंपाने वीस दिवस पाणी उपसले तर खाली काय घडेल, ते आधी कागदावर घडवणे चालले आहे. येथे तेल नाही, पण आमच्या सर्वेक्षणाचे साहेब म्हणतात, "खडकातून तेल काढा की पाणी, वजन घटले की जमिनीची ओढ घटणारच." ती घट गुरुत्वमापकाला, म्हणजे ओढ मोजणाऱ्या यंत्राला, कळते का, एवढेच पाहायचे. कळली, तर हीच रीत तेलक्षेत्रांवर नेणार.

बोटे दुखतात. पदवी वाणिज्याची, वय त्रेपन्न — आणि हे काम!

बुधवार, ६ मार्च

उत्तर आले. पलीकडच्या पुंजाजी शेतकऱ्याच्या मळ्यातील विहीर वीस दिवसांत फक्त दोन बोटे उतरेल. सांगायला गेलो. वांगी, कोथिंबीर, ऐन बहरातली मिरची. सारे त्या एका विहिरीवर. पुंजाजीने खुरपे खाली ठेवले.

"साहेबाचं नाही इचारत, बाबूजी. तुमी सांगा, माह्या इहिरीले काही होनार नाही ना?"

"नाही. गणित मी स्वतः केले आहे."

त्याची बायको तुळसाबाई म्हणाली, "कागदावर भिजते का हो मिरची?" हसली. मीही हसलो.

जेथे ओढ बदलणार नाही असे एक ठिकाण हवेच होते. विहिरीशेजारचा दगड ठरवला — आमचे स्थिर ठाणे. ओढ मोजायच्या बाकी आठ ठाण्यांची मापे रोज त्याच्याशी ताडायची.

७ मार्च

पंप सुरू.

१३ मार्च

पंपाजवळ ओढ अपेक्षेच्या निम्मीही घटलेली नाही. आणि दूरच्या पाच ठाण्यांवर चक्क वाढली! पाणी काढतो आहोत, आणि जमीन जड होते आहे? आकडेमोड तीनदा तपासली. पंपवाला धरमसिंग म्हणतो, "तुमची मशीन बी उन्हानं पागल झाली, बाबूजी." साहेबांचेही मत तेच — यंत्रदोष.

१५ मार्च

पुन्हा वाढ. पाचही ठिकाणी अगदी सारखी. डोळे चुरचुरतात. लिहवत नाही.

१८ मार्च

तुळसाबाई तंबूच्या तोंडाशी उभी. आज हसली नाही. "चला. मोट नुसता चिखल आनून राह्यली."

पाहिले. दोन बोटे नव्हे, दोन पुरुष उंचीचे पाणी गेले! मिरचीने माना टाकल्या आहेत. पुंजाजी एवढेच म्हणाला, "तुमीच म्हनलं होतं, बाबूजी." रागावला असता तर बरे झाले असते.

विहिरीच्या काठावरच उलगडले. ती पाच ठाणी जड झालीच नाहीत. ज्या दगडाला मी स्थिर मानले, तेथलीच ओढ घटत होती; त्याच्याशी ताडल्याने बाकीची जड भासली. यंत्र निर्दोष आहे. कूपनलिकेपासून मळ्यापर्यंत खडकात सलग भेग असणार. मी चारशे चौकोनांत खडक एकसारखा धरला, कारण तसे गणित सुटसुटीत होते. तेराव्या तारखेलाच कळायला हवे होते.

१९ मार्च

साहेबांना सांगितले. ते खुर्चीतून उठलेच! "अहो, म्हणजे घट दिसली! प्रयोग यशस्वी!" पंप थांबवावा का, विचारले. "सातच दिवस उरलेत. अर्धवट मालिका कोण मानील?" अर्धवट तक्ता मी स्वतः जन्मात स्वीकारलेला नाही.

भेग धरून चौकोन पुन्हा मांडले. आता थांबलो तर चार दिवसांत मोटेपुरते पाणी परतेल. सात दिवसांनी थांबलो, तर या उन्हाळ्यात नाही.

२० मार्च

सकाळी सहाला पंपाचे इंजिन बंद केले. धरमसिंग म्हणाला, "हुकूम कोनाचा?" "माझा." मापांच्या वहीत चौदाव्या दिवसापासूनचे रकाने कोरे ठेवले, खाली कारण लिहिले, सही केली.